बर्फ चार महिन्यांचा, व्याज बारा महिन्यांचे

आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबांत सध्या एक विषय घरोघरी चर्चिला जातो. कापडाचे, किराण्याचे किंवा धान्याचे दुकान दोन-तीन पिढ्या चालत आलेले असते. परंतु पुढच्या पिढीला त्याच गादीवर बसायचे नसते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाण्याचीही इच्छा नसते. गावातच राहून स्वतःचे काही उभारावे, असे मुलांना आणि आता मुली-सुनांनाही वाटते. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना भिडतो. तेथे थंड पदार्थांचा धंदा सर्वांत आधी सुचावा, हे स्वाभाविकच. त्यातही मेक्सिकोच्या पारंपरिक फळकांड्या आणि मिठाया विकण्याची कल्पना कोणी मांडली, की वडीलधाऱ्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते : 'आपल्या कुल्फीत काय उणे होते, म्हणून इतक्या लांबचे आणायचे?'

प्रश्न रास्त आहे. पण तो चवीचा आहे आणि चवीच्या प्रश्नाचे उत्तर गिऱ्हाईक देते. घरातील वडिलांनी विचारावा असा प्रश्न निराळा आहे. हा धंदा वर्षातील बारा महिने कसा जगेल? बँकेच्या कर्जविभागात उमेदीची वर्षे घालविल्यामुळे माझी नजर आपोआप तिकडे वळते. सुदैवाने या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मेक्सिकोतल्याच एका खेड्याने देऊन ठेवले आहे.

तोकुम्बो गावाची गोष्ट

मेक्सिकोच्या पश्चिमेस मिचोआकान नावाचा प्रांत आहे. त्यातील तोकुम्बो हे काही हजार वस्तीचे साधे गाव. गावात शिरतानाच भल्यामोठ्या पालेतेचे शिल्प उभे केलेले दिसते. पालेता म्हणजे काडीवर गोठविलेली फळांची किंवा दुधाची कांडी. एखाद्या गावाने आपल्या वेशीवर बर्फाच्या कांडीचे स्मारक उभारावे, यामागे कारण आहे. मेक्सिकोतील हजारो पालेता-दुकानांचे मूळ या गावात आहे.

१९४० च्या दशकात इग्नासिओ आल्काझार आणि आगुस्तीन आंद्रादे यांच्यासारखे तोकुम्बोचे तरुण राजधानी मेक्सिको सिटीत गेले आणि त्यांनी तेथे पालेतेची दुकाने थाटली. शिक्षण बेताचे, भांडवल त्याहून बेताचे. दुकान चालू लागल्यावर त्यांनी गावाकडचे भाऊबंद, सोयरे, मित्र बोलावून घेतले. त्यांना दुकान उधारीवर लावून दिले, यंत्रे दिली, काम शिकविले. घेणाऱ्याने विक्रीतून हळूहळू फेड करायची आणि स्थिरावल्यावर पुढच्या एखाद्याला असेच उभे करायचे. ना बँकेचा अर्ज, ना तारण. गावातील पत हेच तारण. या रीतीने 'ला मिचोआकाना', म्हणजे मिचोआकानची, हे नाव मेक्सिकोच्या गल्लोगल्ली पोहोचले आणि पुढे सीमा ओलांडून अमेरिकेतही गेले. सॅम क्विनोनेस या अमेरिकी पत्रकाराने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या गावाला एक प्रकरणच दिले आहे.

आपल्या वाचकांना ही पद्धत परकी वाटणार नाही. मारवाड, गुजरात किंवा दक्षिण महाराष्ट्रातून विदर्भात आलेली आपली कितीतरी घराणी अशीच उभी राहिली. आधी आलेल्याच्या पेढीवर काही वर्षे काम, मग त्याच्याच शब्दावर उधारीचा माल आणि मग शेजारच्या बाजारगावी स्वतःचे दुकान. तोकुम्बोची पाककृती नवी असेल. तिची पेढी आपल्या ओळखीची आहे.

या पद्धतीचा एक मोठा गुण असा, की कर्ज देणारा स्वतः तोच धंदा केलेला होता. विक्री कोणत्या महिन्यात फुगते आणि कोणत्या महिन्यात आटते, हे त्याला ठाऊक होते. हप्ता केव्हा मागावा आणि केव्हा थांबावे, हेही त्याला कळत होते. बँकेच्या संगणकाला ते कळत नाही. ते आपण अर्जात लिहून द्यावे लागते.

दूरचे वाटते, ते घरातलेच

आता पदार्थांकडे वळू. पालेतेचे दोन मुख्य प्रकार आहेत. पाण्यात फळाचा रस-गर घालून केलेली ती पाण्याची पालेता आणि दुधात केलेली ती दुधाची. दुसरी तर आपल्या कुल्फीची सख्खी बहीण. पहिलीत मात्र फळाच्या फोडी तशाच दिसतात, आणि आंबा, चिंच, काकडी यांना मीठ-तिखटाची जोड दिलेली असते. कैरीला तिखट-मीठ लावून खाणाऱ्या विदर्भाला त्यात नवल वाटायचे कारण नाही.

फळांची वंशावळ पाहिली तर गंमत अधिकच वाढते. चिकू मूळचा दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिकेचा. सीताफळ, पेरू, पपई आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली. उलट आंबा आशियातून समुद्रमार्गे मेक्सिकोला गेला आणि चिंचही जुन्या जगातूनच तिकडे पोहोचली. तिकडे 'हामाइका' म्हणून ज्या लाल फुलांचे सरबत घरोघरी होते आणि ज्याची पालेता लोकप्रिय आहे, ती आपली लाल अंबाडी. अंबाडीची भाजी खाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तिची बोंडे वाळवून ठेवली, तर उन्हाळ्यासाठी रंग आणि आंबटपणा दोन्ही फुकटात साठतात.

मिठायांचे तर विचारूच नये. 'आलेग्रिआ' या शब्दाचा अर्थ आनंद. या नावाची मेक्सिकोची प्राचीन मिठाई म्हणजे लाह्या फुटलेला राजगिरा पाकात बांधून केलेली वडी. राजगिराही मूळचा तिकडचाच. 'पालांकेता' म्हणजे शेंगदाण्याची चिक्की, 'कोकादा' म्हणजे खोबऱ्याची वडी. चिंचेच्या गोळ्या तिखट-मीठ-साखर लावून तिकडेही विकतात. 'पिलोन्सियो' म्हणजे शंकूच्या आकाराची गुळाची ढेप.

थोडक्यात, नाव परदेशी असले तरी जिन्नस वर्ध्याच्या बाजारात मिळतात. या शहराने हा विचार फार पूर्वी केला होता. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे शिक्षणाने हिशेबतपासनीस होते. कच्चा माल जेथे पिकतो तेथेच त्याचा पक्का माल व्हावा, हा त्यांचा आग्रह. गुळाचे तर ते खंदे पुरस्कर्ते. आज त्याच परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. खाद्यप्रक्रियेत उतरू पाहणाऱ्याने तेथे जाऊन चौकशी अवश्य करावी.

आपल्या चौकटीत बसेल तेच घ्यावे

जैन कुटुंबाने परदेशी पाककृती तशीच उचलू नये. मेक्सिकोच्या कित्येक मिठायांत मध असतो. तेथे गूळ वापरावा. काही भाजलेल्या गोड पदार्थांत प्राणिज चरबी असते. रताळ्याची मिठाई तिकडे प्रसिद्ध आहे, आणि हिकामा नावाच्या कंदाच्या चकत्या काडीला लावून विकतात. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्यांनी ते दोन्ही सोडावेत. दाटपणासाठी काही ठिकाणी जिलेटिन वापरतात. ते प्राणिज आहे. त्याच्या जागी गवारीच्या बियांपासून काढलेला ग्वार गम चालतो. लाल रंगाबाबत तर विशेष सावध राहावे. कोचिनियल किंवा कार्माइन हा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढतात आणि त्याचे माहेरघर मेक्सिकोच आहे. वेष्टनावर तो क्रमांक १२० म्हणून येतो. आपल्याकडे अंबाडी आणि बीटविरहित इतर वनस्पतिज रंग उपलब्ध असताना त्याची गरजच नाही. तयार मिश्रणातील ४७१ हा घटक वनस्पतिज किंवा प्राणिज, दोन्ही असू शकतो. पुरवठादाराकडून लेखी खुलासा घ्यावा.

बर्फाचाही प्रश्न आहेच. बावीस अभक्ष्यांच्या यादीत बर्फ आणि गारा यांचा उल्लेख आहे, आणि ते काटेकोरपणे पाळणारी घरे आपल्यात आहेत. अशा घरातील मुलाने हा धंदा करावा की नाही, हे त्या घराने आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावे. त्यात बाहेरच्याने मत देऊ नये. मात्र एक गोष्ट व्यवहाराच्या बाजूने सांगता येते. या धंद्याची बर्फाशिवायची बाजू, म्हणजे राजगिरा, शेंगदाणा, खोबरे आणि चिंच, स्वतंत्रपणे उभी राहू शकते. आणि ज्यांना बर्फ चालतो, त्यांचाही धंदा याच बाजूवर तगणार आहे. ते कसे, ते आता पाहू.

चार महिन्यांची कमाई

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे मांडावेत. गोठविण्याची टाकी, साचे, डीप फ्रीझर आणि दुकानाची मांडणी यांसाठी ४ लाखांचे कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे ८,७०० रुपये येतो. वर्षाचे सुमारे १,०४,४०० रुपये. भाडे महिना ६,००० प्रमाणे ७२,००० रुपये. एका मदतनिसाचा पगार महिना ९,००० प्रमाणे १,०८,००० रुपये. वीज वर्षभराची ३२,००० रुपये. म्हणजे एकही कांडी विकली नाही तरी वर्षाला सुमारे ३,१६,००० रुपये द्यावेच लागणार.

आता एका कांडीमागे कच्चा माल, काडी, वेष्टन आणि कर वजा जाता १२ रुपये उरतात असे धरू. वरचा खर्च भागविण्यास सुमारे २६,४०० कांड्या विकाव्या लागतील. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला ७२ येतात. आकडा सोपा वाटतो आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. कांडी खपते मार्च ते जून, म्हणजे सुमारे १२० दिवस. त्या हिशेबाने रोज २२० कांड्या विकल्या पाहिजेत, तेव्हा कोठे खर्च निघेल. मालकाच्या घरखर्चाला अजून एक रुपयाही नाही.

पाऊस पडला की गिऱ्हाईक थांबते, हप्ता थांबत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक ठरविते. जुलैपासून परतफेड बंद पडलेले खाते दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास त्या यादीत जाऊन बसते. जामीनदार म्हणून वडिलांची सही असते आणि तारण म्हणून अनेकदा राहते घर. गोठविलेला माल हे तर तारणच नव्हे. एक दिवस वीज गेली की ते पाणी होते.

आता याच हिशेबात सुकी मिठाई घाला. राजगिरा वडी किंवा शेंगदाणा चिक्कीच्या एका पाकिटामागे २५ रुपये उरतात असे धरू. जुलै ते फेब्रुवारी या आठ महिन्यांत महिन्याला ५०० पाकिटे, म्हणजे दिवसाला १६-१७ पाकिटे खपली, तरी वर्षाला १ लाख रुपये उभे राहतात. मग उन्हाळ्यातील २२० कांड्यांचा आकडा रोज १५० वर येतो. बर्फ चार महिने कमावतो आणि उरलेल्या आठ महिन्यांचा भार राजगिरा उचलतो. हा धंदा करणाऱ्याने मिठाईला जोडधंदा न समजता मूळ धंद्याचा दुसरा पाय समजावे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फळविक्रेत्याचे पुत्र रघुनंदन कामत यांनी १९८४ साली मुंबईत जुहूला 'नॅचरल्स' सुरू केले, तेव्हा दुकानात पावभाजीही होती. गरम पावभाजीने गिऱ्हाईक आत आणले आणि आइस्क्रीमने ते टिकविले. आइस्क्रीमला स्वतःचे बळ आल्यावरच पावभाजी बंद झाली. सीताफळ आणि शहाळे यांसारख्या ओळखीच्या फळांवर त्यांनी नाव उभे केले. वर्ध्यात तर सुक्या, टिकाऊ गोडाची परंपरा आहेच. गोरस भांडाराचा तुपातील गोरस पाक वर्ध्याला येणारा पाहुणा आठवणीने घेऊन जातो. सेवाग्राम-पवनारला येणाऱ्या अशा पाहुण्याच्या पिशवीत राजगिऱ्याची वडीही जाऊ शकते. कांडी मात्र जाऊ शकत नाही.

उन्हाळ्याची तयारी दिवाळीपासून

बर्फाच्या धंद्याचे वर्ष मार्चमध्ये सुरू होत नाही. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांची संत्री जिल्ह्याचे वैभव. पण आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. ऐन मे महिन्यात ताजे, स्वस्त संत्रे मिळत नाही. सीताफळ पावसाळा सरताना, पेरू हिवाळ्यात, अंबाडीची बोंडे थंडीच्या आरंभी. म्हणजे गर काढून गोठवून ठेवण्याचे काम हंगामात, आणि विक्री काही महिन्यांनंतर. या मधल्या काळासाठी खेळते भांडवल लागते. यंत्रासाठी मुदत कर्ज मागणारे पुष्कळ असतात. खेळते भांडवल मागायचे मात्र अनेकांना सुचतच नाही, आणि मग यंत्र आहे पण गर नाही, अशी अवस्था होते.

म्हणून कर्जाचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावा. एप्रिलमध्ये केलेला अर्ज मंजूर होईपर्यंत मृग नक्षत्र लागते. अर्जासोबत महिनावार आवक-जावकीचा तक्ता जोडावा आणि उन्हाळ्यात मोठे व पावसाळ्यात लहान हप्ते मागावेत. शेतीकर्जाची फेड पिकाच्या वेळेनुसार ठरते. हंगामी धंद्यासाठीही तशी मांडणी करून मागण्यात काही गैर नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद होती. तिची चालू स्थिती बँकेत विचारून घ्यावी. मात्र अनुदान मिळेल म्हणून धंदा करू नये. धंदा अनुदानाविना तग धरत असेल तरच अनुदान घ्यावे.

यंत्र घेतानाही घाई नको. घरच्या फ्रीझरमध्ये कांडी सावकाश गोठते, त्यामुळे बर्फाचे कण मोठे होतात आणि ती दाताखाली खडबडीत लागते. खाऱ्या द्रावाच्या अतिथंड टाकीत साचे बुडविले की ती झटपट व मऊसर गोठते. मीठ-बर्फात मटका फिरवून कुल्फी जमविणारे आपले कारागीर हेच शास्त्र वापरीत आले. साखरेचेही प्रमाण सांभाळावे. ती फार झाली तर कांडी धरत नाही, कमी पडली तर दगडासारखी होते. पहिला उन्हाळा लहान टाकीवर काढावा आणि गिऱ्हाईक जोखून मगच मोठी घ्यावी.

कर आणि कागद

खाद्यसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना, पिण्यायोग्य पाण्याची तपासणी आणि वेष्टनावरील हिरवे चिन्ह या गोष्टी सर्वज्ञात आहेत. वस्तू व सेवा कराची एक बाब मात्र व्यापारी घरांनी नीट समजून घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीम व तत्सम खाद्य-बर्फावरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. परंतु या वस्तूंच्या उत्पादकाला कंपोझिशन योजना मिळत नाही. इतर मालाच्या व्यापाऱ्याला असलेली ४० लाखांची नोंदणी-मर्यादाही त्याला लागू नाही. त्याच्यासाठी ती २० लाख आहे. शिवाय कंपोझिशनचा निर्णय एका पॅनखालील सर्व व्यवसायांना एकत्रच लागू होतो. म्हणजे वडिलांचे किराणा दुकान कंपोझिशनमध्ये असेल आणि त्याच पॅनवर मुलाने कांड्या बनवायला घेतल्या, तर दुकानाचीही सवलत जाते. नवा धंदा मुलाच्या किंवा सुनेच्या स्वतःच्या नावे आणि स्वतंत्र पॅनवर ठेवावा. आधी आपल्या कर-सल्लागाराशी बोलावे.

दुसरा कागद नावाचा. तोकुम्बोच्या लोकांनी 'ला मिचोआकाना' हे नाव एकमेकांना मुक्तपणे वापरू दिले. धंदा लहान होता तोवर त्यात औदार्य होते. तो सीमेपार गेला, तेव्हा त्याच नावावरून अमेरिकेच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे दावे चालले. ज्यांच्या वाडवडिलांनी शब्दावर दुकाने दिली-घेतली, त्यांच्या नातवंडांना वकील करावे लागले. आपण नाव स्वतःचे ठेवावे, परक्याचे उसने घेऊ नये, आणि पहिल्याच वर्षी नोंदवून टाकावे. मिठाई आणि खाद्य-बर्फ दोन्ही बोधचिन्हांच्या ३० व्या वर्गात येतात. एका नोंदणीत धंद्याचे दोन्ही पाय सुरक्षित होतात आणि ती १० वर्षे टिकते.

भाऊबंदांकडून घेतलेली रक्कमही कागदावर असावी. किती घेतली, व्याज आहे की नाही, फेड केव्हा, तोटा आला तर कोणी किती सोसायचा, एवढे एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तसे लिहिल्याने विश्वास उणावत नाही आणि पुढच्या पिढीला तो वाचता येतो.

तेव्हा घरातील मुलाने किंवा मुलीने ही कल्पना मांडली, तर नाव परदेशी आहे म्हणून ती मोडीत काढू नये, आणि नवी आहे म्हणून घरही गहाण टाकू नये. त्यांना एक वही द्यावी. तिच्या बारा पानांवर बारा महिने लिहून प्रत्येक पानावर त्या महिन्याची आवक आणि जावक मांडायला सांगावी. मार्च ते जूनची पाने कोणीही भरून आणील. जुलै ते फेब्रुवारीची पाने ज्याने राजगिरा, शेंगदाणा, खोबरे आणि चिंचेने विचारपूर्वक भरली असतील, त्याच्या अर्जावर वडिलांनी जामीनदार म्हणून निःशंक सही करावी.